मोजणी जुळेपर्यंत कोणी हलायचं नाही

शाळेत मॉक ड्रिल झालं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ओळीनं चालणारी पोरं, डोक्यावर धरलेली दप्तरं, बाजूला अग्निशमन विभागाचे जवान आणि मागे शाळेचा फलक. त्या फोटोत मोजणी मात्र कधी दिसत नाही. मुलं खाली उतरल्यावर पुढे काय झालं, वर्गशिक्षिकेच्या हातात हजेरीपट होता का, सगळ्या वर्गांची बेरीज कोणी केली, ती सकाळच्या उपस्थितीशी जुळली का, याबद्दल कोणी विचारत नाही. मला आज त्याबद्दलच लिहायचं आहे. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. आत कोण राहिलं हे सांगता येत नसेल, तर शाळा रिकामी झाली असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मी दक्षिण नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत भूगोल शिकवते. पाचवी ते दहावी. मुलं सक्करदरा, मानेवाडा, नंदनवनची, थोडी महालातून येणारी. कोणी ऑटोनं येतं, कोणी सायकलनं, बरीचशी पायी. इमारत जुनी, तीन मजली, दोन जिन्यांची. भूकंप आणि पूर भूगोलात शिकवतात म्हणून आपत्ती व्यवस्थापन समितीची फाईल बहुतेक शाळांत भूगोलाच्या शिक्षकाकडे येते, तशी ती माझ्याकडे आली. फाईलमध्ये आराखडा होता, समितीची नावं होती, अग्निशमनाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हे नंबर होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१६ मध्ये शाळांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याप्रमाणे जे असायला हवं ते कागदावर बऱ्यापैकी होतं. नव्हतं ते एवढंच, की शिपाई काकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाला घंटा वाजल्यावर आपण नेमकं कुठे उभं राहायचं हे ठाऊक असणं.

तर आमच्या शाळेतलं ड्रिल. आधी घंटेचं सांगते. आमची रोजची बेल विजेवरची आहे, आणि आग लागली की सगळ्यात आधी मेन स्विच बंद करायचा असतो. म्हणजे ज्या वेळी घंटा हवी नेमकी तेव्हाच ती मुकी. म्हणून कार्यालयाबाहेर टांगलेला जुना पितळी टोल आम्ही पुन्हा वापरात आणला. सलग, न थांबता टोले, सोबत प्रत्येक मजल्यावर एक शिट्टी. मुलांना ते लगेच कळलं. वर्ग उठले, खालचे मजले आधी, मग वरचे, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक शिक्षक, कठड्याच्या बाजूनं एकेरी ओळ. पाहुणे म्हणून आलेले जवान खूश होते. इमारत झपाट्यानं रिकामी झाली आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्यावर मी वर्गशिक्षकांना आकडे विचारायला लागले. सातवीच्या एका तुकडीत दोन मुलं कमी. वर्गशिक्षिकेला पट पाठ होता, पण आज किती आले होते ते हजेरीत, आणि हजेरी वर टेबलावर. त्यांनी पोरांनाच विचारलं, “आज कोण कोण आलं नाही रे?” त्यावर एकाच वेळी दहा आवाज. एक म्हणतो अमका आला नाही, दुसरा म्हणतो आला होता, डबा खाल्ला माझ्यासोबत. शेवटी एक मुलगा नववीच्या ओळीत सापडला. त्याला भूगोलाचा नकाशा आणायला कार्यालयात पाठवलं होतं, घंटा झाली तेव्हा तो जिन्यात होता आणि समोर जी ओळ आली तिच्यात शिरला. “मी तं इथंच उभा होतो जी,” तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. त्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. दुसरा दुसऱ्या मजल्याच्या संडासात होता. त्याला टोल ऐकू आला, पण एकटं बाहेर यावं की आतच थांबावं हे त्याला कळेना. शिपाई काका वर गेले तेव्हा तो नळाजवळ उभा होता.

खरी आग असती तर या दोघांपैकी एकासाठी एखादा जवान धुरात शिरला असता, तोही जो मुळात मैदानातच उभा होता त्याच्यासाठी. आणि दुसऱ्याची आठवण कोणाला कधी झाली असती, याचा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

त्यानंतर आम्ही केलेल्या गोष्टी दिसायला अगदी किरकोळ आहेत. प्रत्येक वर्गाच्या दाराच्या चौकटीला, शिक्षकाच्या हाताच्या उंचीवर, दोन खिळे ठोकले. एका खिळ्यावर हजेरीपट. तो टेबलाच्या खणात ठेवायचा नाही, कपाटात तर नाहीच. दुसऱ्या खिळ्यावर दोरीनं बांधलेली साधी पाटी आणि खडू. तासाच्या मध्ये जो कोणी बाहेर जाईल, पाणी प्यायला, संडासला, कार्यालयात, त्यानं आपलं नाव आणि जागा पाटीवर लिहायची आणि परत आल्यावर पुसायची. घंटा झाली की बाई दारातून बाहेर पडताना हजेरी आणि पाटी दोन्ही उचलतात. खाली मोजणीत आकडा कमी आला तर पाटी बघायची. सुरुवातीला पोरांना हा वेळखाऊपणा वाटला. महिनाभरात इतकी सवय झाली की कोणी न लिहिता निघालं तर मागच्या बाकावरून आवाज येतो, “पाटी!”

मग प्रश्न बेरजेचा. सगळ्या शाळेत आज किती मुलं आहेत हा आकडा मैदानात कोणाकडे असणार? याचं उत्तर आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी दिलं. शासनाच्या नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. तांदूळ काढायचा तर त्या दिवशी किती मुलं हजर आहेत ते कळावंच लागतं, म्हणून पहिल्या तासानंतर प्रत्येक वर्गाची उपस्थिती त्यांच्याकडे जाते. समितीच्या बैठकीत आम्ही नवं रजिस्टर, नवा तक्ता असं काय काय बोलत होतो, तेव्हा ताई म्हणाल्या, “आकडा तं रोज माझ्याकडे असतेच नं मॅडम.” खरंच होतं. रोज बिनचूक, सहीनिशी. आता त्यात नववी-दहावीची उपस्थितीही लिहितात, आणि ती वही घंटा झाली की ताईंच्या हातात मैदानात येते. लिपिक सर ध्वजस्तंभाच्या चौथऱ्यावर उभे राहून एकेक वर्गाचा आकडा घेतात, ताईंच्या वहीशी ताडून पाहतात. दोन्ही जुळले की मुख्याध्यापक शिट्टी वाजवतात. तोवर एकाही मुलानं, एकाही शिक्षकानं जागा सोडायची नाही आणि कोणीही परत आत जायचं नाही. त्या समितीत आधी स्वयंपाकाच्या ताई नव्हत्या, शिपाई नव्हते, फक्त शिक्षक होते. आता दोघंही आहेत.

फोटोतल्या दप्तरांबद्दलही सांगायला हवं. डोक्यावर दप्तर हे भूकंपासाठी आहे, वरून काही पडू नये म्हणून. आगीत दप्तर वर्गातच टाकायचं. जिन्यावर दप्तर म्हणजे प्रत्येक मुलामागे आणखी अर्ध्या मुलाएवढी जागा, आणि पडलेल्या दप्तराला अडखळून पडलेलं मूल. आगीत खाली वाकून, तोंडावर रुमाल धरून निघायचं, कारण धूर वर साठतो. भूकंपात उलट. हादरे थांबेपर्यंत पळायचंच नाही, बाकाखाली शिरून बाकाचा पाय घट्ट धरायचा, थांबल्यावर बाहेर. दोन वेगळ्या संकटांची दोन वेगळी शिस्त आहे आणि मुलांना ती वेगवेगळी शिकवली पाहिजे. एकाच ड्रिलमध्ये दोन्ही कोंबलं की त्यांच्या लक्षात फक्त ‘ओळीनं चालायचं’ एवढंच राहतं.

मागच्या जिन्याचा वाद मात्र बराच काळ चालला. तो जिना कुलूपबंद असायचा. कारणही रास्त होतं. मागच्या गल्लीतून कोणीही आत येऊ शकतं, आणि मुलींच्या सुरक्षेची काळजी पालकांना आहे, आम्हालाही आहे. पण कुलूप लावलेला जिना आगीच्या वेळी भिंतच असतो. मी बैठकीत कुंभकोणमचं सांगितलं. १६ जुलै २००४, तमिळनाडूतली शाळा, आगीत गेलेली ९४ मुलं. मुलांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपरापर्यंत गेली आणि वरच्या मजल्यावरच्या लहान मुलांना अरुंद जिन्यावरून उतरता आलं नाही. त्यानंतर अविनाश मेहरोत्रा यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये निकाल दिला की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच, आणि शाळांनी आग विझवण्याची साधनं ठेवावीत, कर्मचाऱ्यांना ती वापरायचं प्रशिक्षण द्यावं. हे वाचून दाखवल्यावर बैठक शांत झाली. शेवटी तोडगा निघाला तो शिपाई काकांकडून. कुलूप काढलं, आतून सरकणारी कडी बसवली. ती बाहेरून उघडत नाही, आतून पाचवीचं पोरही उघडू शकतं. आणि काकांनी आपलं स्टूल तिथे, त्या दाराशेजारी हलवलं.

मैदानात उभं कुठे राहायचं, यालाही विचार लागतो. मी दहावीला भूकंप शिकवताना गुजरातमधल्या अंजारचं सांगते. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत होती, आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. पावणेदोनशेहून जास्त मुलं आणि त्यांचे शिक्षक गेले. नागपूर कमी धोक्याच्या क्षेत्रात येतं हे खरं, पण २२ मे १९९७ ला हादरलेलं जबलपूर आपल्यापासून फार लांब नाही, आणि किल्लारी तर आपल्याच राज्यातली. आमच्या जुन्या आराखड्यात मुलांनी पुढच्या गेटबाहेर गल्लीत जमायचं होतं. ते बदललं. आता मागचं मैदान. कुंपणाच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब चुन्याच्या रेघा आखल्या आहेत, प्रत्येक वर्गाची एक. पुढचं गेट मोकळं राहतं, अग्निशमनाची गाडी आत यायला.

आता अंबाझरीकडे येते, कारण माझ्यासाठी या सगळ्याचा सगळ्यात अवघड धडा तिथे आहे.

२२ सप्टेंबर २०२३ ची मध्यरात्र उलटली आणि शहरावर पाऊस असा कोसळला की काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीचा भाग, मोरभवनचं बसस्थानक, सगळीकडे पाणी. लोक झोपेत होते. एनडीआरएफ, एसडीआरएफ या आपत्ती दलांच्या आणि लष्कराच्या जवानांनी बोटी घातल्या. त्या पहाटे ज्यांना बाहेर काढलं त्यांत मूकबधिर शाळेतली मुलंही होती. सकाळी ही बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच वर्गातली एक मुलगी आली.

ती तेव्हा आठवीत होती. दोन्ही कानांत श्रवणयंत्र. यंत्र लावलेलं असलं तरी गोंगाटात तिला शब्द वेगळे ऐकू येत नाहीत, आणि ओली होतील म्हणून पावसात ती यंत्रं काढून ठेवते. आमचा पितळी टोल, आमच्या शिट्ट्या, मेगाफोन, सगळं आवाजावर उभं. ड्रिलमध्ये ती इतरांना उठताना बघून उठली होती आणि आम्ही ते सुरळीत झालं असं धरलं होतं. ती संडासात असती तर? ग्रंथालयात एकटी, खिडकीकडे तोंड करून बसली असती तर?

मी तिला आणि तिच्या आईला बोलावलं, आणि काय करावं हे तिलाच विचारलं. तिनं सांगितलेलं मी अक्षरशः लिहून घेतलं. दिवे चालू-बंद केले तर तिला लगेच कळतं. वीज नसेल तर बाकावर तळहात आपटला की लाकडातून कंप कळतो. आणि तिसरं, जे माझ्या कधीच डोक्यात आलं नसतं: मागून येऊन हात ओढायचा नाही. “मला भीती वाटते. समोर या, तोंड दिसू द्या,” असं ती म्हणाली. तिनं ‘आग’, ‘पाणी’, ‘भूकंप’ आणि ‘चल’ या खुणा अख्ख्या वर्गाला शिकवल्या. तिच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या मैत्रिणी तिच्या सोबतिणी ठरल्या. दोघी यासाठी, की एक गैरहजर असली तरी दुसरी असावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ८ मध्ये आपत्तीत समान संरक्षण लिहिलेलंच आहे. आमच्या शाळेत त्या कलमाचा अर्थ बाकावर तळहात कसा आपटायचा इथवर आला, याचं मला फार समाधान आहे. पाय दुखावलेल्या, दम्याच्या, फिट येणाऱ्या मुलांची यादी आता दर जूनमध्ये होते आणि प्रत्येकाच्या पालकांशी असंच बोलणं होतं. तळमजल्यावरचा वर्ग त्यांच्या तुकडीला मिळतो. एवढं केलं की जिन्याचा अर्धा प्रश्न तिथेच संपतो.

आग विझवण्याची साधनंही आता भिंतीवरची शोभा राहिलेली नाहीत. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना हे दर महिन्याला नववीच्या मुली बघून वहीत सही करतात. ड्रिलच्या दिवशी मैदानात लोखंडी परातीत आग पेटवून ती विझवायला प्रत्येक कर्मचाऱ्याला लावतात. पिन काढायची, नळी ज्वाळेच्या टोकाकडे न धरता बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे झाडल्यासारखं फिरवायचं. आपली पाठ बाहेर पडायच्या वाटेकडे, वारा मागून. लहान सिलिंडर दहा-पंधरा सेकंदांत रिकामा होतो हे पाहून बऱ्याच जणांना धक्का बसला. तेवढ्यात विझली नाही तर दार ओढून घ्यायचं आणि निघायचं, हे त्यातूनच पटतं. कधी हातात न धरलेला सिलिंडर माणूस आयत्या वेळी भिंतीवरून उतरवतसुद्धा नाही. ताईंना मात्र काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी ओलं पोतं दोन्ही हातांनी आपल्यापुढे पडद्यासारखं धरलं, परातीवर टाकलं आणि आग संपली. स्वयंपाकघरात ओलं पोतं आता रोज बादलीत असतं, आणि रेग्युलेटरजवळ गॅसगळतीचा १९०६ हा नंबर रंगानं लिहिला आहे. गॅसचा वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही.

एक गोष्ट नागपूरकर म्हणून मला नेहमी वाटते. आपत्तीत काय करायचं हे देशाला शिकवणारी संस्था आपल्याच गावात आहे. १९५७ मध्ये आपत्कालीन मदतीचं प्रशिक्षण देण्यासाठी केंद्र सरकारनं इथे संस्था काढली, पुढे तिचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं, आणि एनडीआरएफची अकादमीही नागपुरातच आहे. इतकं ज्ञान सिव्हिल लाइन्सपर्यंत आलेलं असताना ते गल्लीतल्या शाळांपर्यंत पोचायलाच हवं. जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रत्येक समूह-केंद्रात, केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत, वर्षातून एक बैठक फक्त याच विषयाची असावी अशी मागणी मी लेखी केली आहे आणि करत राहणार आहे.

ऊन आणि वीज थोडक्यात, कारण हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले. उन्हामुळेच विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण एप्रिल आणि जूनचा शेवट मुलांना शाळेत काढावाच लागतो. परिपाठ सावलीत, ठरलेल्या वेळी पाण्याची घंटा, कार्यालयात ओआरएस. उन्हानं कोसळलेल्या मुलाला सावलीत आडवं करायचं, कपडे सैल, अंगावर ओलं फडकं, वारा, आणि १०८. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं, कारण प्रत्येकाचा पहिला हात पाण्याच्या ग्लासाकडेच जातो. विजेसाठी मुलांना ३०चा नियम पाठ आहे: चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद मोजून झाले नाहीत तर मैदान सोडून आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. कडुनिंबाखाली तर मुळीच थांबायचं नाही. क्रीडा शिक्षकांच्या मोबाईलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप आहे.

मोजणी जुळली, आता मुलं घरी कशी जाणार? हा भाग ड्रिलमध्ये कोणी करतच नाही. मार्च २०२५ मध्ये शहरातल्या काही पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, तेव्हा पालकसभेत पहिला प्रश्न हाच आला: शाळा भरलेली असताना असं झालं तर? त्यातून आमचं कार्ड तयार झालं. प्रत्येक मुलामागे एक, त्यावर घरच्या दोन मोठ्या माणसांची नावं आणि नंबर, ऑटो काकांचं नाव, आणि शाळेच्या जवळ राहणारं एखादं ओळखीचं घर. मैदानात इयत्तेप्रमाणे टेबलं. कार्डावर नाव असलेल्या माणसाच्याच हाती मूल द्यायचं, वेळ आणि सही घेऊन. मूल म्हणालं “हा माझा मामा आहे,” तरीही कार्ड बघायचंच. पालक गेटवर जीव मुठीत धरून उभे असतात, त्यांना रांग लावा म्हणणं सोपं नाही. म्हणून तेही आम्ही एकदा पालकांसोबत करून पाहिलं. या कामात ऑटोवाले काका सगळ्यात उपयोगी ठरले. कोणत्या गल्लीत पावसाचं पाणी गुडघाभर साचतं, कोणत्या घरी दुपारी कोणीच नसतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सात-आठ मुलांच्या कार्डावरचं जवळचं घर बदललं.

आणि व्हॉट्सॲप. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंश तापमान झाल्याची बातमी शहरभर फिरली होती. एका स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरमधला तो बिघाड होता, हवामान खात्यानं तसं नंतर सांगितलं. पण तोवर आमच्या पालक गटात उन्हानं लोक कोसळत असल्याच्या गोष्टी पसरल्या होत्या. सेन्सरच्या एका आकड्यानं एवढी धांदल होते, तर “शाळेत आग लागली” या तीन शब्दांनी काय होईल? म्हणून ठरवलं की संकटाच्या वेळी शाळेकडून एकच निरोप, एकाच नंबरवरून, मुख्याध्यापकच पाठवतील. मजकूर आधीच लिहून ठेवला आहे, फक्त जागा आणि वेळ भरायची. शिक्षकांनी मैदानात फोन काढायचा नाही. तेव्हा त्यांच्या हातात हजेरी असते.

लहान मुलं घाबरतात का, असं पालक विचारतात. पहिल्यांदा थोडी घाबरतात. पाचवीतली एक मुलगी टोल ऐकून रडली होती. आता पाचवीला आम्ही आधी दोन दिवस टोल नुसता ऐकवतो, जिना नुसता उतरवतो, चुन्याची रेघ दाखवतो. तीच मुलगी यंदा तिच्या रांगेच्या पुढे उभी होती आणि मागच्यांना हात वर करून “एक, दोन, तीन” करत मोजत होती.

आजवरची सगळी ड्रिलं तासिका चालू असताना झाली, जेव्हा प्रत्येक मूल आपापल्या बाकावर असतं. दिवाळीनंतरचं आम्ही मधल्या सुट्टीत घेणार आहोत. अर्धी मुलं नळावर, काही ग्रंथालयात, काही ताटं घेऊन व्हरांड्यात, शिक्षक स्टाफरूममध्ये, आणि पाटीवर कोणाचंच नाव नाही. तेव्हा मुलं जिथे असतील तिथूनच मैदानात यायचं आणि स्वतःच्या वर्गाची रेघ शोधायची, असं ठरलं आहे. हजेरीपट वर्गात कोणी आणायला जायचं नाही. सुट्टीत ते स्टाफरूमच्या दारावर टांगलेले राहतील, म्हणून तिथेही खिळे ठोकून झाले. मागच्या गल्लीत गेटसमोर लागणाऱ्या दुचाकींचं काय करायचं हे अजून सुटलेलं नाही. दोन दुकानदारांनी आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या पलीकडे लावायचं कबूल केलंय, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. आमच्या शाळेतले जे पालक हे वाचत असतील त्यांच्यापैकी ज्यांनी कार्डावर दुसऱ्या माणसाचं नाव अजून दिलेलं नाही, त्यांनी ते शनिवारच्या पालकसभेत वर्गशिक्षकांकडे द्यावं.